बुश गनमेटलचा आणि शाफ्ट ईएन ८ चा, असं का?

जुना पंप खोला, लेथचा गिअरबॉक्स खोला, ऊस गाळायच्या चरकाचं बेअरिंग बघा, एक जोडी परत परत दिसते. फिरतोय तो शाफ्ट म्हणजे दांडा स्टीलचा, आणि त्याला धरून बसलेला बुश म्हणजे नळीसारखा भाग लालसर पिवळ्या गनमेटलचा, म्हणजे तांब्याच्या एका ओतीव मिश्रधातूचा. वर्कशॉपमध्ये नवीन लागलेलं पोरगं कधी ना कधी विचारतंच, की दोन्ही स्टीलचंच केलं तर स्वस्त नाही का पडणार, आणि त्याला बहुतेक वेळा "तसंच असतं रे" एवढंच उत्तर मिळतं. प्रश्न मात्र एकदम बरोबर आहे. त्याच्या मागे लागलं की तांब्याचे ओतीव मिश्रधातू आणि कार्बन स्टील यांच्यातला बराचसा फरक आपोआप उलगडत जातो.

छोटं उत्तर आधी देऊन टाकतो. एकाच जातीचे दोन धातू एकमेकांवर घासले आणि मधलं तेल क्षणभर जरी तुटलं, तर जिथे जिथे बारीक उंचवटे एकमेकांना टेकतात तिथे ते अक्षरशः चिकटतात, मग तुटतात, परत चिकटतात, आणि थोड्या वेळात दोन्ही भाग खाल्ले जाऊन मशीन जाम. स्टीलवर स्टील कोरडं घासलं की हेच होतं. गनमेटल मात्र स्टीलला सहजासहजी चिकटत नाही, वर ते मऊ आहे, म्हणजे ब्रिनेल हार्डनेस (कडकपणाचं माप) साधारण ६०-६५, आणि ईएन ८ या कार्बन स्टीलचा शाफ्ट दीडशे-दोनशेच्या घरात, त्यामुळे झिजायचं तर बुश झिजतो. आणि बुश बदलायला अर्धा दिवस लागतो, शाफ्ट बदलायला सगळं मशीन उघडावं लागतं. हिशोब साधा आहे.

पण "मऊ" आणि "कडक" हे शब्द या दोन धातूंच्या बाबतीत फार वेगवेगळ्या वाटेने येतात, आणि खरी गंमत तिथे आहे.

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे हंडे-घागरी ठोकणारी घरं अजून आहेत. तांबट पत्रा ठोकत जातो तसतसा तो कडक होत जातो, एका मर्यादेपुढे ठोकला तर चिरतो, म्हणून मधेच भांडं भट्टीत लाल करायचं, हवं तर सरळ पाण्यात बुडवायचं, की ते परत मऊ. आता गावातल्या लोहाराकडे चला. तो विळा लाल करतो, पाण्यात बुडवतो, आणि विळा कडक होतो, इतका की तसाच वापरला तर दगडावर आपटून तुकडा पडेल. तीच आग आणि तेच पाणी, पण निकाल उलटा!

कारण अणूंच्या रचनेत आहे. तांबं खोलीच्या तापमानाला ज्या रचनेत असतं त्याच रचनेत ते वितळेपर्यंत म्हणजे १०८५ अंशांपर्यंत राहतं, मधे काही उलथापालथ नाही. ठोकल्यामुळे आत जी गुंतागुंत झालेली असते ती उष्णतेने सुटते, नवे मोकळे कण तयार होतात, बस. पाण्यात टाका नाहीतर हवेत थंड होऊ द्या, फार फरक पडत नाही, पाण्यात टाकल्याने वरची काळी पापडी मात्र पटकन सुटते. लोखंडाचं तसं नाही. शुद्ध लोखंड ९१२ अंशांच्या वर गेलं की आपली अणुरचनाच बदलतं, आणि त्या वरच्या रचनेत कार्बनला बसायला भरपूर जागा असते, दोन टक्क्यांपर्यंत कार्बन आत विरघळू शकतो. खालच्या रचनेत मात्र जेमतेम ०.०२ टक्के. म्हणजे स्टील लाल असताना जो कार्बन आत आरामात बसलेला होता त्याला थंड होताना बाहेर पडावंच लागतं. सावकाश थंड केलं तर तो नीट बाहेर पडतो, लोखंड आणि लोह-कार्बाइड यांचे पातळ पातळ थर एकाआड एक तयार होतात, त्याला पर्लाइट म्हणतात. पाण्यात टाकलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो, सगळी जाळी ताणली जाते आणि मार्टेन्साइट नावाची अतिशय कडक, अतिशय ठिसूळ अवस्था तयार होते. लोहार ज्याला पाणी देणं म्हणतो ते हेच.

म्हणून कार्बन स्टीलमध्ये पहिला प्रश्न एकच, कार्बन किती. बाजारात ज्याला आपण एमएस म्हणतो, आयएस २०६२ मधला ई २५० ग्रेड, त्यात कार्बन जास्तीत जास्त ०.२३ टक्के, यील्ड म्हणजे कायमचं वाकायला सुरुवात होते तो ताण २५० एमपीए, तुटायची ताकद किमान ४१० एमपीए आणि तुटण्याआधी २३ टक्के ताणलं जाणार. पत्रे, अँगल, चॅनेल, शेडचे ट्रस सगळं यातलं. पाणी द्यायला गेलात तर फारसं कडक होणार नाही, कारण अडकायला आत कार्बनच कमी. ईएन ८ मध्ये ०.३६ ते ०.४४ टक्के, नॉर्मलाइज केलेला (तापवून हवेत थंड केलेला) असेल तर ताकद किमान ५५० एमपीए, आणि पाणी-तेल देऊन कडक करण्याजोगा. ईएन ९ मध्ये अर्धा टक्का ते ०.६. रेल्वेचा ८८० ग्रेडचा रूळ, भिलाईत बनत आलेला, त्यात ०.६ ते ०.८ टक्के आणि ताकद नावाप्रमाणे ८८० एमपीए. आणि कानस बघितली तर एक टक्क्याच्याही वर. जेमतेम एका टक्क्याच्या फरकात कागदासारखा वाकणारा पत्रा आणि दुसऱ्या स्टीलला कापणारी कानस एवढं अंतर पडतं, आणि हे सगळं मुख्यतः एका मूलद्रव्याच्या जिवावर, हे मला अजूनही थोडं अविश्वसनीयच वाटतं.

यात ०.८ टक्क्याच्या आसपास एक खास जागा आहे. तिथे ७२७ अंशांखाली आलं की सगळंच्या सगळं पर्लाइट होतं. त्याच्या खाली असेल तर मऊ फेराइटमध्ये (जवळजवळ शुद्ध लोखंडात) पर्लाइटची बेटं, त्याच्या वर गेलं तर पर्लाइटच्या कडेकडेने ठिसूळ कार्बाइडची जाळी. रुळाचं स्टील जाणूनबुजून त्या जागेच्या जवळ ठेवलेलं असतं कारण पर्लाइटचे थर झिजेला चांगले तोंड देतात.

पाणी दिल्यावर टेम्परिंग करावंच लागतं. म्हणजे परत थोडं गरम करायचं, जेणेकरून अडकलेला थोडा कार्बन सुटेल आणि ठिसूळपणा जाईल. छिन्नीला पाणी दिल्यावर लोहार तिचं टोक घासून त्यावर चढणारे रंग बघतो, वाळक्या गवतासारखा पिवळा आला की सव्वादोनशे अंशांच्या आसपास, निळा आला की तीनशेच्या आसपास. थर्मामीटर नाही, काही नाही, पण ते रंग भरवशाचे असतात कारण ते वरच्या ऑक्साइडच्या थराच्या जाडीवर ठरतात. ईएन ८ च्या शाफ्टला मात्र साडेपाचशे ते साडेसहाशे अंशांपर्यंत टेम्पर करतात, त्याला छिन्नीसारखी धार नको असते, चिवटपणा हवा असतो.

इथे दोन गोष्टी सांगतो ज्यात भले भले गंडतात. पहिली, शाफ्ट चालताना वाकतोय, लोड आला की लवतोय, मग "जरा भारी मटेरियल घे" असं म्हणून कुणीतरी ईएन २४ हे जास्त ताकदीचं मिश्र स्टील आणतं आणि शाफ्ट तेवढाच लवतो. का, तर लवणं हे ताकदीवर नाही तर ताठपणावर म्हणजे यंग्ज मॉड्युलसवर ठरतं, आणि तो एमएस असो, ईएन ८ असो, हार्डनिंग केलेला असो, दोनशे-दोनशेदहा जीपीएच्या आसपासच राहतो. भारी स्टील कायमचं वाकायला उशीर करेल, पण तात्पुरतं लवणं कमी करायचं असेल तर व्यास वाढवा किंवा बेअरिंग जवळ आणा. दुसरी गोष्ट, साध्या कार्बन स्टीलमध्ये पाणी आतपर्यंत लागत नाही. बारीक गजाला लागेल, पण ७५ एमएमच्या बारचा गाभा इतका सावकाश थंड होतो की तिथे मार्टेन्साइट बनतच नाही. वरून हार्डनेस छान दाखवतो आणि आत तोच जुना. खोलवर हवं असेल तर क्रोम, निकेल, मॉलिब्डेनमवाले स्टील लागतात, तो वेगळा विषय.

आणि वेल्डिंग! झिजलेल्या ईएन ८ शाफ्टवर थेट वेल्ड चढवायचं आणि टर्न करून परत लावायचं हा सर्रास चालणारा उद्योग आहे. वेल्डच्या शेजारची पट्टी लाल होते आणि बाकीचा थंड शाफ्ट तिची उष्णता झटकन ओढून घेतो, म्हणजे तिला न मागता पाणी दिल्यासारखंच झालं. तिथे मार्टेन्साइट बनतं, बारीक तडा पडतो आणि काही आठवड्यांनी शाफ्ट बरोबर वेल्डच्या कडेला तुटतो, मग दोष वेल्डरच्या माथी. आधी शाफ्ट गरम करून घेतला, लो हायड्रोजन रॉड वापरला आणि नंतर सावकाश थंड होऊ दिला तर हे बरंच टळतं. एमएसला या भानगडी नाहीत, म्हणूनच फॅब्रिकेशनवाल्यांचं त्याच्यावर प्रेम.

आता बुशकडे येऊ. स्टीलच्या बाबतीत आपण बघितलं की तुम्ही बार आणला, मग फोर्ज केला, नॉर्मलाइज केला, पाणी दिलं, टेम्पर केलं, दरवेळी त्याचा स्वभाव बदलायची संधी आहे. चुकलं तर परत गरम करा. गनमेटलच्या कास्टिंगला ही संधीच नाही. भट्टीत काय मिसळलं आणि साच्यात ते कसं गोठलं, एवढ्यावर त्याचं नशीब ठरतं. साचा फोडला त्या क्षणी जे हातात आलं तेच शेवटपर्यंत. ठोकून कडक करता येत नाही, कारण आकार बिघडेल, आणि पाणी देऊन उपयोग नाही हे वर आलंच. ॲल्युमिनियम ब्राँझसारखे काही अपवाद आहेत पण रोजच्या गनमेटलला हे लागू.

मग शुद्ध तांबंच का ओतत नाहीत, तर ते ओतायला वैताग आहे. वितळलेलं तांबं हवेतला ऑक्सिजन पितं, ओलाव्यातला हायड्रोजन पितं, आणि गोठताना हे दोघं भेटून आतल्या आत वाफ तयार करतात, कास्टिंग भोकाभोकांचं. शिवाय साच्याच्या कोपऱ्यात ते नीट जात नाही, आणि गोठल्यावर इतकं मऊ की बुश म्हणून काही कामाचं नाही. म्हणून त्यात मिसळायचं कथील, जस्त आणि शिसं.

सगळ्यात चालणारी रेसिपी ८५-५-५-५, म्हणजे ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी पाच. आपल्याकडे आयएस ३१८ मधला एलटीबी २, ब्रिटिश पद्धतीत एलजी २, अमेरिकन नंबर सी ८३६००. कथील ताकद आणि झीज सोसायची क्षमता देतं, आणि गंजापासून वाचवतं. जस्त स्वस्त आहे, धातू साच्यात नीट वाहतो आणि वायू बाहेर काढायला मदत होते. आणि शिसं तांब्यात विरघळतच नाही, ते बारीक बारीक थेंब होऊन कणांच्या मधे मधे बसतं. या थेंबांमुळे तीन कामं होतात. लेथवर चिप (निघणारा कीस) लांब न येता तुकडे तुकडे होऊन पडते, तेल तुटलं तर शिसं क्षणभर वंगणाचं काम करतं, आणि कास्टिंगमधली बारीक भोकं थोडीफार बुजतात. बदल्यात ताकद कमी होते आणि वेल्डिंगचं नाव काढायचं नाही.

ताकदीचे आकडे बघितले तर स्टीलपुढे हे बिचारं वाटतं. वाळूच्या साच्यात ओतलेल्या ८५-५-५-५ ची किमान ताकद २०५ एमपीए आणि यील्ड ९५-९७ च्या आसपास, म्हणजे ताकद साध्या एमएसच्या निम्मी आणि यील्ड निम्म्याहूनही कमी. प्रत्यक्षात चांगलं ओतलेलं अडीचशेपर्यंत जातं. ताठपणा ८३ जीपीए, स्टीलच्या निम्म्याहून कमी. वजनाला उलट जास्त, घन सेंटिमीटरला ८.८ ग्रॅम, स्टील ७.८५. आणि तांबं म्हणजे वीज-उष्णता भारी वाहणार असं गृहीत धरू नका, त्यात पाच-पाच टक्के पाहुणे घुसले की वीज वाहण्याची क्षमता शुद्ध तांब्याच्या १५ टक्क्यांवर येते. उष्णतेचं तसंच, वॉट प्रति मीटर-केल्विनमध्ये शुद्ध तांबं चारशेच्या आसपास, हे ७२, एमएस पन्नासच्या आसपास. तरी स्टीलपेक्षा बरं, घर्षणाची उष्णता बाहेर काढायला तेवढी मदत होते.

गोठण्याची गोष्ट मात्र जरा थांबून बघण्यासारखी आहे, कारण फाउंड्रीवाल्याची खरी परीक्षा तिथे होते. ८५-५-५-५ साधारण १०१० अंशांना गोठायला सुरुवात करतं आणि पार ८५५ च्या जवळ जाऊन पूर्ण घट्ट होतं. मधले दीडशे अंश ते धड पातळही नाही आणि धड घट्टही नाही. कढवलेलं तूप गोठताना जसं रवाळ होतं, दाणे तयार झालेत आणि त्यांच्या मधे अजून पातळ तूप आहे, नेमकं तसं. धातू गोठताना आकसतो, त्यामुळे त्या दाण्यांच्या मधल्या शेवटच्या फटींना भरायला नवा पातळ धातू लागतो, पण तोवर दाण्यांचं इतकं जाळं झालेलं असतं की राइजरमधून (साच्यावरच्या जादा धातूच्या साठ्यातून) तो तिथे पोचतच नाही. मग कास्टिंगभर सुईच्या टोकापेक्षा बारीक भोकं विखुरलेली राहतात. डोळ्याला दिसत नाहीत, पण व्हॉल्व्हची बॉडी असेल आणि प्रेशर लावलं तर बाहेरून घाम आल्यासारखं पाणी पाझरतं. याला मोठा राइजर लावून फारसा फायदा नाही. एका बाजूने पटापट थंड करणं, चिल (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) लावणं, जाडी एकसारखी ठेवणं, धातू गरजेपेक्षा जास्त तापवू न देणं, असले उपाय चालतात.

म्हणूनच बुश घ्यायचा असेल तर तो कसा ओतलाय हे विचारणं ग्रेड विचारण्याइतकंच महत्त्वाचं. कंटिन्युअस कास्ट (सलग ओतत ओढून काढलेल्या) पाइपमधून कापलेला बुश असेल तर त्याच ८५-५-५-५ ची किमान ताकद अडीचशेच्या घरात धरतात, कारण तो पटकन आणि एका दिशेने गोठतो. सेंट्रिफ्युगल कास्टिंगमध्येही तसंच, साचा गरगरा फिरवला की जड स्वच्छ धातू बाहेर फेकला जातो आणि हलकी घाण आतल्या बाजूला येते, ती बोअर करताना निघून जाते.

भट्टीवर अजून दोन शत्रू आहेत. एक जस्त. ते ९०७ अंशांना उकळतं आणि आपण ओततोय अकराशे-बाराशेला, त्यामुळे ते सतत पांढरा धूर होऊन उडत असतं. म्हणून परत परत वितळवलेल्या मालात जस्त कमी होत जातं, वरून घालावं लागतं. आणि तो धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, दुसऱ्या दिवसापर्यंत उतरतो, त्यामुळे लोक मनावर घेत नाहीत. घ्यायला हवं, एक्झॉस्ट बसवायला लागणारा खर्च काही जगावेगळा नसतो. दुसरा शत्रू ओलावा. ओलं भंगार, ओली मूस, न सुकवलेला साचा, आणि पावसाळ्यात तर हवाच ओली. हायड्रोजन आत शिरू नये म्हणून वितळवताना थोडा ऑक्सिजन मुद्दाम राहू देतात, आणि ओतायच्या आधी फॉस्फर-कॉपर टाकून तो ऑक्सिजन काढून घेतात. फॉस्फरस जास्त झाला तर तो साच्यातल्या ओलाव्याशी भांडण काढतो, म्हणजे इथेही हात सांभाळूनच.

भंगाराचा विषय निघालाच आहे तर, ॲल्युमिनियम. गनमेटलच्या भट्टीत ॲल्युमिनियमचा एखादा तुकडा चुकून गेला तरी तो सगळा घाणा पाझरू शकतो, कारण त्याच्या ऑक्साइडच्या पातळ पापुद्र्या धातूत तरंगत राहतात आणि कणांना एकमेकांना नीट जोडू देत नाहीत. अमेरिकन स्टँडर्डमध्ये ८५-५-५-५ मध्ये ॲल्युमिनियमची मर्यादा ०.००५ टक्के आहे, म्हणजे एक टन धातूत ५० ग्रॅम. सिलिकॉनचंही तेवढंच. जुने नळ, रेडिएटर, कसलेकसले पार्ट एकत्र वितळवून केलेल्या इनगॉटमध्ये हे कसं सांभाळणार, तुम्हीच सांगा. इनगॉट स्पेक्ट्रोवर (धातूत काय किती आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावर) तपासल्याशिवाय घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्या ॲल्युमिनियमने गनमेटलचा घात होतो त्याच्याच जिवावर दुसरं मिश्रण उभं आहे. नऊ-दहा टक्के ॲल्युमिनियम, पाच-पाच टक्के निकेल आणि लोखंड घातलेलं निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ, ताकद साडेसहाशे एमपीएच्या आसपास, म्हणजे नॉर्मलाइज केलेल्या ईएन ८ च्या बरोबरीला, आणि वर समुद्राच्या पाण्यात फारसं गंजत नाही. मोठ्या जहाजांचे पंखे याचेच. हे अगदी थोड्या अंशांच्या फरकात गोठतं, त्यामुळे घामाचा प्रॉब्लेम नाही, पण आकसण्याचा सगळा खड्डा एकाच जागी पडतो म्हणून मोठे राइजर लागतात, आणि ओतताना जरा खळखळलं की पापुद्र्या आत. शाफ्ट मऊ असेल तर बुशसाठी हे घेऊ नका, हे शाफ्टलाच खाईल.

बुशमधले बाकीचे पर्याय पटकन सांगतो. दहा-अकरा टक्के कथील आणि थोडा फॉस्फरसवालं फॉस्फर ब्राँझ, जास्त लोड, कडक शाफ्ट आणि चांगलं तेल असेल तिथे, वर्म गिअरचं चाक याचंच. ८०-१०-१० म्हणजे दहा टक्के शिसंवालं, जिथे तेलाची खात्री नाही, शाफ्ट जरासा तिरका चालतोय तिथे. ८८-१०-२ हे जुनं नौदलाचं गनमेटल, शिसं नाही, ताकद तीनशेच्या आसपास.

कथील वाढवत गेलं तर काय होतं? दहा टक्क्यांच्या आसपास कणांच्या मधे एक निळसर, कडक, ठिसूळ पदार्थ दिसायला लागतो. मऊ धातूत हे कडक ठिपके बेअरिंगला फायद्याचेच, लोड ते घेतात. वीस-बावीस टक्क्यांवर गेलं की त्यांचंच राज्य होतं, धातू आवाजाला खणखणीत आणि आपटायला काचेसारखा. हा घंटेचा धातू. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळातली किंवा वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची, वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे ना, घंटा इतकी वर्षं वाजतात त्या या कथलामुळे. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली, वजन सुमारे ५५ टन, आणि तिच्यात कथील वीस टक्क्यांच्या जवळ. तोफेला सहसा दहा टक्केच घालायचे, वीस म्हणजे घंटेचंच मिश्रण, ठोकून बघितलं तर ती वाजतेही घंटेसारखी. आणि काशाची वाटी याच मिश्रणाची. काशाला लाल करून पाण्यात टाकलं की त्याचा ठिसूळपणा कमी होतो, कारण तो ठिसूळ पदार्थ तयार व्हायच्या आतच वरची मऊ अवस्था पकडून ठेवली जाते. स्टीलच्या बरोबर उलट, पण युक्ती तीच, वेळ न देण्याची.

आता दोघं एकत्र काम करताना काय होतं ते. गनमेटल तापलं की स्टीलच्या दीडपट फुगतं. बुश कास्ट आयर्नच्या घरात घट्ट ठोकलेला असतो, बाहेर फुगायला जागा नाही, मग तो आत फुगतो आणि बोअर म्हणजे आतलं भोक लहान होतं. ५० एमएमच्या बुशला ६० अंश चढले तर जवळजवळ ०.०२ एमएम जातात. तुम्ही क्लिअरन्स (शाफ्ट आणि बुशमधली मोकळी जागा) ठेवला असेल ०.०५, त्यातले दोन पंचमांश गायब, आणि बुश ठोकताना जो आकसला ते वेगळंच. चालू केल्यावर तासाभराने पंप जड व्हायला लागला तर आधी हे तपासा. बुश बसवल्यानंतर बोअरचा फायनल कट किंवा रीमर मारायचा तो यासाठीच.

पाण्यात दोघं जोडलेले असले की गंजतं ते स्टील. पण किती, हे कुणाचा पृष्ठभाग मोठा त्यावर आहे. लांबच्या लांब एमएस लाइनला एक छोटा गनमेटल व्हॉल्व्ह असेल तर नुकसान पसरून जातं, फार जाणवत नाही. उलट मोठ्या गनमेटल बॉडीला एमएसचे चार बोल्ट लावले तर बोल्टांचं काही खरं नाही. साधं पितळ, ज्यात जस्त १५ टक्क्यांच्या वर आहे, ते खाऱ्या पाण्यात निराळंच रूप दाखवतं, त्यातलं जस्त निघून जातं आणि आकार तसाच राहून आत तांब्याचा स्पंज उरतो, हात लावला की मोडतं. ८५-५-५-५ ला जस्त पाचच टक्के, त्यामुळे तो धोका नाही. अमोनिया असेल तिथे मात्र पितळ-गनमेटल काहीच नको, बर्फाच्या कारखान्यात बघा, सगळी लाइन आणि व्हॉल्व्ह लोखंड-स्टीलचेच दिसतील.

गरमीत स्टील जिंकतं. डब्ल्यूसीबी नावाचं ओतीव कार्बन स्टील, कार्बन कमाल ०.३ टक्के, सव्वाचारशे अंशांपर्यंत वाफेला चालतं, तर गनमेटलला दोनशेच्या आसपास थांबवायचं, शिसं स्वतःच ३२७ ला वितळतं. थंडीत उलटं. तेच डब्ल्यूसीबी उणे २९ च्या खाली वापरत नाहीत, कारण साधं स्टील थंडीत ठिसूळ होतं. १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेत पोर्टलँडच्या गोदीत शेनेक्टडी नावाचं नवंकोरं टँकर जहाज धक्क्याला उभं असताना, पाणी शांत असताना, मधोमध फाटलं. त्या काळातलं स्टील आणि वेल्डिंग दोन्ही त्याला कारण होतं. तांब्याच्या मिश्रधातूंची रचना थंडीत असा दगा देत नाही, म्हणून द्रवरूप ऑक्सिजनच्या लाइनला ब्राँझचे व्हॉल्व्ह सर्रास असतात.

पिण्याच्या पाण्यासाठी शिसं हा वेगळा मुद्दा. अमेरिकेत २०१४ पासून पाण्याला लागणाऱ्या भागांत शिसं सरासरी ०.२५ टक्क्यांच्या वर चालत नाही, त्यामुळे एक्स्पोर्टच्या नळ-व्हॉल्व्हला शिशाऐवजी बिस्मथ किंवा सिलिकॉनवाली मिश्रणं वापरतात. बिस्मथवाला चुरा चुकून साध्या गनमेटलच्या भंगारात मिसळला तर पुढच्याची डोकेदुखी, म्हणून दोन्हीची चिप वेगळ्या ड्रममध्येच ठेवायची.

शेवटी खरेदीचं. ऑर्डरवर "गनमेटल बुश, ५० बोअर" एवढंच लिहून पाठवलं तर जे येईल ते गनमेटलच म्हणून येईल, रंगावरून कुणालाही ओळखता येत नाही. एलटीबी २ का फॉस्फर ब्राँझ, वाळूत ओतलेलं का कंटिन्युअस कास्ट, आणि त्या घाण्याचा केमिकल रिपोर्ट, हे तिन्ही लिहा. रिपोर्टमध्ये तांबं-कथील तर सगळेच बघतात, तुम्ही ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या रकान्यात बघा. शाफ्टसाठी ईएन ८ च्या पुढे नॉर्मलाइज्ड का हार्डन-टेम्पर्ड ते लिहा, आणि टीसीवरचा (टेस्ट सर्टिफिकेटवरचा) हीट नंबर म्हणजे त्या स्टीलच्या घाण्याचा नंबर बारवर पंच केलाय का ते बार कापायच्या आधी जुळवून घ्या, कापल्यावर तो पंचवाला तुकडा नेमका दुसऱ्याच्या जॉबला गेलेला असतो.